पारखून घेतलेला बंब

आमच्या घरात कुठलीही वस्तू विकत आली की आई दारातच विचारायची, "वाजवून घेतलंत ना?" मग ते पाण्याचं मडकं असो नाहीतर टेबलफॅन. बाबा चपला काढता काढता म्हणायचे, "वाजवून घेतलं." एवढं झालं की त्या वस्तूला घरात प्रवेश मिळायचा.

बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात घालवली. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, आतून पोकळ केलेली वजनं, तळ ठोकून वर आणलेली मापं, सगळं त्यांनी पाहिलेलं. त्यामुळे जगात फसवणारे आणि फसणारे अशा दोनच जाती आहेत आणि आपण दुसऱ्या जातीत जायचं नाही, असं त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. दिव्याचा बल्ब तर सगळेच दुकानात लावून बघतात. आमच्या बाबांनी प्रेशर कुकर घेताना दुकानदाराला त्यात पाणी घालायला लावून, शेजारच्या चहावाल्याच्या स्टोव्हवर त्याची शिट्टी काढून घेतली होती. मी तेव्हा लहान होते आणि लाजेने दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले होते. तो कुकर अजून आमच्याकडे आहे, आणि चांगला चालतो, हेही सांगायला हवं.

माझा धाकटा भाऊ आशुतोष, आमचा आशू, या बाबतीत बाबांची भरपूर टिंगल करायचा. "बाबांना काड्यापेटी आणायला पाठवू नका," तो म्हणायचा, "सगळ्या काड्या ओढून बघतील आणि सांगतील, एकूणएक पेटल्या." आम्ही हसायचो. बाबाही हसायचे. आशूने काहीही बोललेलं त्यांना चालायचं, मी बोललेलं चालायचं नाही. पण ते जाऊ दे.

आशू ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि रविवारी वेडा व्हायचा. नव्या मुंबईत तेव्हा रस्ते आधी आले होते आणि माणसं मागून यायची होती. कामोठ्याच्या पलीकडे कुठल्याशा कंपनीने कंटेनर उभे करायला मोठं डांबरी पटांगण करून ठेवलं होतं. कंटेनर काही आले नाहीत. मग गाड्यांचं खूळ असलेल्या पोरांच्या एका क्लबने ते महिन्यातून एका रविवारी भाड्याने घ्यायला सुरुवात केली. जुने टायर रचून वळणं करायची आणि एकेकाने आपली गाडी जीव खाऊन पळवायची. शर्यत अशी नाही, घड्याळाशीच झुंज. त्याला ते 'ट्रॅक डे' म्हणायचे. आशूने एका डॉक्टरांची जुनी चॉकलेटी गाडी विकत घेतली होती आणि तिचं इंजिन खोलून त्यात नाही नाही ते बसवलं होतं. आमच्या नेरूळच्या सोसायटीत ती सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावरची भांडी वाजायची.

बाबांनी आधी समजावलं, मग ओरडले, मग त्याच्याशी बोलायचे बंद झाले. जेवताना मला म्हणायचे, "त्याला सांग, आमटी संपलीय." आशू हसून मलाच म्हणायचा, "ताई, त्यांना सांग, चालेल." अबोल्याने तो सुधारणारा नव्हता, आणि बाबांना त्याच्याशी न बोलता जगणं जमणारं नव्हतं. शेवटी तेच नमले.

आणि नेमका तेव्हाच क्लबने नियम काढला. प्रत्येक गाडीत ड्रायव्हरचा हात पोचेल अशा जागी आग विझवायचं नळकांडं हवं, नाहीतर गाडी पटांगणात येऊ द्यायची नाही.

"आणतो कुठलातरी एक बंब," आशू म्हणाला.

"कुठलातरी म्हणजे?" बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. बऱ्याच दिवसांनी ते थेट त्याच्याशी बोलले होते.

त्या दिवसापासून बाबांना काम मिळालं. पोराला अडवता येत नाही, तर निदान त्याच्या हाताशी खात्रीची वस्तू देऊ, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला ते तेव्हाही दिसत होतं आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटत होता. दुकानं पालथी घालून ते संध्याकाळी यायचे आणि आम्हाला आगीचे प्रकार समजावून सांगायचे. उलटं करून आपटायचं ते लाल शंकूसारखं नळकांडं पेट्रोलच्या आगीला उपयोगाचं नाही, त्यातून पाणी येतं आणि पेट्रोल पाण्यावर तरंगत जळत राहतं. कार्बन डायऑक्साइडचं चांगलं, पण जड लोखंडी. वळणावर सुटलं तर आगीच्या आधी तेच पोराची नडगी फोडेल. आशूला हवा होता हॅलॉन गॅसचा. त्याने इंजिनावर डागही राहत नाही म्हणे. पण तो गॅस आभाळाला भोकं पाडतो म्हणून जगभर बंद होत चालला होता आणि पुन्हा भरून मिळायची मारामार. राहिली पावडर.

"पावडर नको बाबा, इंजिनची वाट लागते," आशू म्हणाला. "सगळीकडे घुसते ती."

"इंजिन गेलं तर गेलं," बाबा म्हणाले. "मला इंजिनाशी काय करायचंय?"

आशूने उठून बाबांच्या ताटात स्वतः भात वाढला. त्याची माफी मागायची पद्धत अशीच होती.

पावडरचा घ्यायला दोघं तुर्भ्याला गेले. तिथे धनाजी नावाच्या एका सातारकराचं दुकान होतं, आसपासच्या कारखान्यांचे सिलिंडर भरून द्यायचा तो. रात्री जेवताना आशूने तो सगळा प्रसंग नकला करून सांगितला. दुकानदाराने दोन सिलिंडर पुढे ठेवले. एकावर आतला दाब दाखवणारा छोटा काटा होता, दुसऱ्यावर नव्हता. दुकानदार म्हणाला, काट्याचा घ्या.

"आणि बाबा काय म्हणाले असतील?" आशूने विचारलं.

"काट्याचं मला सांगू नका," मी आणि आई एका सुरात म्हणालो.

"करेक्ट. 'काटा माणूस लावतो. काट्याने काय दाखवायचं ते माणूस ठरवतो. मला तो प्रत्यक्ष चालवून दाखवा.' दुकानदाराने बरीच कां-कूं केली, पण बाबांपुढे कोणाचं चाललंय? शेवटी बिचाऱ्याने बिनकाट्याचा उचलला, सील तोडलं, पिन काढली आणि दाबला. फुस्स! दुकान पांढरं. दुकानदार पांढरा. बाबांच्या मिशा पांढऱ्या. आणि बाबा म्हणतात, 'हां. आता बांधा.'"

आई हसून हसून ठसकली. बाबा आमटी भुरकत होते. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं व्हायला नको," ते म्हणाले. "आपला बंब जागेवर आहे आणि चालतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय."

पिन पुन्हा जागेवर बसवून बाबांनी ती पांढऱ्या दोऱ्याने स्वतः बांधली. ड्रायव्हरच्या सीटच्या पुढे लोखंडी पट्टीने बंब बसवून घेतला आणि दोन्ही हातांनी ओढून ओढून बघितला. मग सोसायटीच्या आवारात आशूच्या डोळ्यांना रुमाल बांधून त्याला तो चाचपडत काढायला लावला, पुन्हा पुन्हा. बायका गॅलरीतून बघत होत्या. आशू लाजेने लाल झाला होता, पण बाबा "बस" म्हणेपर्यंत त्याने ते केलं.

पुढे पावसाळा गेला, दिवाळी झाली. थंडीत एका रविवारी सकाळी केयूर आमच्या दारात येऊन उभा राहिला. केयूर आशूचा मित्र, वाशीचा, त्याच क्लबमधला. त्याच्या शर्टाला जळका वास येत होता आणि तो मला नुसता "ताई, ताई" म्हणत होता.

काय झालं ते त्याने नंतर सांगितलं. आशूच्या गाडीच्या बॉनेटमधून धूर आला. त्याने गाडी नीट बाजूला घेतली, बंद केली, उतरला. त्याला काही झालं नव्हतं. पाठ फिरवून चालू लागला असता तर गाडी जळली असती, एवढंच. सगळे ओरडत होते, सोड, मागे ये. पण बंब त्याच्या हातात होता. डोळे मिटून काढता येईल असा. त्याने दोरा तोडला, पिन ओढली, बॉनेट उघडून आत वाकला आणि दाबला. चिमूटभर पावडर पडली. त्याने पुन्हा दाबला, आणखी जवळ जाऊन. त्याने स्वतः बसवलेली पेट्रोलची नळी तेव्हाच सुटली.

तो हॉस्पिटलात काही दिवस होता. बोलू शकत होता तोवर त्याने बाबांना एकच गोष्ट सांगितली. तक्रार म्हणून नाही, एखाद्या मशीनबद्दल सांगावी तशी.

"बाबा, चालला नाही हो."

मग तो गेला.

घरात मरण आलं की लोक म्हणतात, वेळच तशी होती. बाबांना ते मान्य नव्हतं. बंब क्लबवाल्यांनी परत आणून दिला होता. काळवंडलेला. बाबांनी तो गॅलरीत ठेवला आणि रोज सकाळी चहाच्या आधी उचलून बघायचे. "मला फसवलं," ते म्हणायचे. "माझ्यासमोर एक दाखवलं आणि आत काहीतरी वेगळं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना पकडलं आणि माझ्याच पोराच्या वेळी मी फसलो." आई म्हणायची, आता बस करा. मी आईला गप्प करायचे. त्या रागावर बाबा उठत होते, आंघोळ करत होते, दोन घास खात होते. आईकडे रडणं होतं. बाबांकडे तो दुकानदार होता, आणि तो काढून घेतला तर त्यांच्याकडे काहीच उरणार नव्हतं.

राग मलाही होताच. माझा स्वभाव बाबांवर गेलाय. बेलापूरला सिडकोच्या ऑफिसात मी टायपिस्ट आहे. एक दिवस अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कोणाला न सांगता तुर्भ्याला गेले. काय काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं. धनाजी पन्नाशीचा, बुटका, हाताला कायम पांढरी पूड लागलेला माणूस निघाला. मी कोण ते सांगितल्यावर त्याने मला बसायला स्टूल दिलं. मी बसले नाही. जे घोकलं होतं ते सगळं बोलले. चोर म्हणाले, खुनी म्हणाले.

तो खाली मान घालून ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "ताई, मी सायबांना म्हनलो हुतो. हे दाबून बघायची चीज न्हाई."

"म्हणजे?"

"एकदा दाबला की पावडरचे कन त्याच्या तोंडात अडकत्यात. मग ते तोंड पुरतं मिटत न्हाई. हवा हळूहळू निघून जाती. कधी चार दिसात, कधी म्हयन्यात. वरनं काय बी कळत न्हाई, वजन हाय तेवढंच लागतं. काट्याचा असता तर काटा खाली आलेला दिसला असता. मी म्हनलो, दाबलाय तर ठिवून जावा, पुन्हा भरून सील करून देतो. सायब म्हनले, माल माज्या नजरेआड गेला की तू बदलशील."

मला ते वाक्य बाबांच्या आवाजात ऐकू आलं. खोटं असण्याचा प्रश्नच नव्हता.

"मग विकलात कशाला?" मी विचारलं.

"तेच म्हनतोय मी," धनाजी म्हणाला. "न्हाई म्हनायला पायजे हुतं. माजा बी धंदा हाय. गिऱ्हाईक ऐकंना, म्हनलं जाऊ द्या."

मी त्याच्यावर ओरडायला गेले होते आणि ओरडायला काही शिल्लक राहिलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला, कारण तो खोटं बोलत नव्हता. बाबांनी काही न बघता, रस्त्यावरून कुठलाही एक उचलून आणला असता, तर आशू आज आमच्यात असता. बंबच नसता तरीही असता. पळून आला असता. आमच्या घरातल्या एवढ्या मायेने, एवढ्या काळजीने त्याला त्या आगीत वाकायला लावलं. हे मी कोणाला सांगणार होते? आईला सांगितलं नाही. बाबांना तर सांगणं शक्यच नव्हतं. परत येताना मी स्टॉपवर बसून राहिले आणि दोन बस सोडल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला केयूर आला. इकडचं तिकडचं बोलला, मग चाचरत म्हणाला, "काका, क्लब पुन्हा सुरू होतोय. येत्या रविवारी. आशूच्या नावाने पहिली फेरी मारायची असं सगळ्यांचं ठरलंय. तुम्हाला विचारल्याशिवाय नको म्हटलं."

"लाज नाही वाटत तुम्हाला?" मी म्हणाले. "एक गेला ते पुरलं नाही?"

"जाई, ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "ओरडून थांबत नाहीत ही. मी करून बघितलंय." मग ते केयूरकडे वळले. "तुझ्या गाडीत बंब कुठला आहे?"

"आहे काका, जुना एक."

"तो काढ. मी आणून देतो. स्वतः बसवून देतो."

केयूरच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा जाणार, चालवून घेणार, पांढऱ्या दोऱ्याने पिन बांधणार आणि दुसऱ्या एका आईच्या पोराच्या हातात तसाच बंब देणार. मी बोलले तर बाबा त्या दिवशीच संपले असते. न बोलले तर केयूर.

"मी आणते ना बाबा," मी म्हणाले.

"तुला काय कळतं त्यातलं? आणि त्याच दुकानातून आणायचाय मला. त्या माणसाला माझ्या डोळ्याला डोळा भिडवू दे."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खालच्या बूथवरून मी धनाजीला फोन केला. म्हटलं, बाबा येतील, दाबून बघतील. बघू द्या. मग आत नेऊन दुसरा सीलबंद बांधून द्या. त्यांना कळू देऊ नका. पलीकडे ट्रकचे हॉर्न वाजत होते. मग तो म्हणाला, "बरं."

शनिवारी मी बाबांबरोबर गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खात्यात असताना धाडीला जाताना घालायचे तसा. दुकानात शिरून ते सरळ काउंटरपाशी उभे राहिले.

"ओळखलंत?"

"व्हय सायब."

"तुमचा माल खोटा निघाला. माझा मुलगा गेला."

धनाजीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात जोडले. "व्हय सायब. माजी चूक झाली."

भांडणाची बाबांनी सगळी तयारी केली होती. याची नव्हती. ते काउंटरवरच्या सिलिंडरकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "पावडरचा द्या. तेवढाच. चालवून दाखवा."

धनाजीने एक सिलिंडर घेतला, सील तोडलं, पिन काढली आणि दाबला. गिरणीतल्या पिठासारखी पावडर उडाली आणि फरशीवर बसली. बाबांनी मान हलवली.

"आत नेऊन पुसून, बांधून आनतो," धनाजी म्हणाला.

बाबा कोणाला वस्तू नजरेआड नेऊ देत नसत. पण या वेळी त्यांनी त्याला जाऊ दिलं. स्टुलावर बसले आणि फरशीवरच्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिले. मला वाटलं, माणूस थकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बाबांनी कोणावर तरी विश्वास टाकला. मला त्याचं वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही झालं. धनाजीने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं पुडकं आणून दिलं. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. बाबांनी ते काउंटरवर ठेवले.

बसमध्ये बसायला जागा मिळाली. पुडकं बाबांच्या मांडीवर होतं. सानपाडा गेलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जाई, एवढी वर्षं नोकरी केली. काटा मारताना रंगेहाथ पकडलेला माणूससुद्धा पहिल्यांदा नाहीच म्हणतो. शपथा घेतो, पोराबाळांच्या डोक्यावर हात ठेवतो."

"हं," मी म्हणाले.

"हा लगेच हो म्हणाला."

"त्याला पश्चात्ताप झाला असेल बाबा."

बाबांची बोटं सुतळीच्या गाठीशी चाळा करत होती. मी म्हटलं, घरी जाऊन सोडा ना. तोवर गाठ सुटली होती. त्यांनी वरचा कागद थोडासा बाजूला केला. पिनेच्या कडीत लाल प्लॅस्टिकचं सील होतं. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला, सवयीने, शिक्का खरा आहे का बघतात तसा.

"हे शाबूत आहे," ते म्हणाले.

मी कागद पुन्हा वर ओढायला गेले.

"माझ्यासमोर तोडलं होतं त्याने. त्याने बदलला."

"मीच सांगितलं त्याला," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. चोर म्हणून त्या माणसाकडे बाबांना परत जाऊ देणं मला जमलं नसतं.

"का?"

माझ्या उत्तराची बाबांना गरज पडली नाही. दुसऱ्याची लबाडी शोधून काढायची सवय असलेला माणूस होता तो. त्याच सवयीने ते एकेक पायरी उतरत गेले असणार.

"एकदा दाबला की जातो?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू."

"हे सांगितलं होतं त्याने मला," बाबा म्हणाले. "भरून देतो म्हणाला होता. मी म्हटलं..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो हळूच काढून घेतला, कागद पुन्हा सारखा केला आणि सुतळीला होती तशीच गाठ मारायला लागले. गाठ बसत नव्हती. मी मदत केली नाही. नेरूळ येईपर्यंत ते तेच करत होते.

"आशूला माहीत होतं?" उतरताना त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. तो तेव्हा हसत होता नुसता."

"हो," ते म्हणाले. "हसत होता."

जिना चढताना ते प्रत्येक मजल्यावर थांबले. दार आईने उघडलं. आशू गेल्यापासून ती फारशी बोलत नसे. आज बाबा स्वतःहून बाहेर पडले, काहीतरी विकत घेऊन आले, याचं तिला बरं वाटलं असावं. त्यांच्या हातातलं पुडकं बघून तिच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "वाजवून घेतलंत ना?"

बाबांनी पुडकं तिच्या हातात दिलं आणि चपला काढायला भिंतीचा आधार घेतला.

"नाही," ते म्हणाले. "हा चालेल."